'कुठलंही वापरा' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट ('आय हॅव ईटन') कधी आणि सिंपल पास्ट ('आय एट') कधी, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "अमेरिकन माणूस बिनधास्त 'डिड यू ईट येट?' म्हणतो. प्रेझेंट परफेक्ट की सिंपल पास्ट ही चिकित्सा म्हणजे निव्वळ पोपटपंची. कुठलंही वापरा, समोरच्याला कळतं. मालिकांमध्ये 'हॅव' ऐकूसुद्धा येत नाही." त्याखाली लेखाची लांबी आणि माझा 'लोकांना घाबरवण्याचा धंदा' यांवर आणखी तीन परिच्छेद.

मतभेद असू द्या, पण 'पोपटपंची' आणि 'धंदा' कशासाठी? मी लेखात एकाही वाचकाला कमी लेखलेलं नाही. सोळा वर्षं इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते आहे, कोण कुठे अडखळतं ते रोज ऐकते. असा शिक्का मारण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

एक मान्य. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' आले की प्रेझेंट परफेक्टच हवा, असं मी लिहिलं होतं. त्यातला 'च' चुकला. अमेरिकन बोलण्यात 'आय ऑलरेडी एट', 'ही जस्ट लेफ्ट' सर्रास चालतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण या सवलतीवरून 'कुठलंही वापरा' कसं निघतं? सवलत एकाच बाजूची आहे. परफेक्टच्या जागी काही ठिकाणी पास्ट चालतो, पास्टच्या जागी परफेक्ट चालत नाही. 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' ब्रिटनमध्ये चूक आणि अमेरिकेतही चूक. आपली माणसं घसरतात ती नेमकी याच बाजूला, कारण मराठीत 'मी त्याला कालच भेटलोय', 'मी २०१८ मध्ये पदवी घेतली आहे' ही वाक्यं अगदी सरळ आहेत. तीच तशीच उचलली की मुलाखतीत 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१८' तोंडातून जातं. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१८ अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' गाळायचं आणि 'आय कम्प्लीटेड' म्हणायचं. वेळ सांगायचीच नसेल तर 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री' उत्तम. 'व्हेन'चा प्रश्नही याच हिशेबाने 'व्हेन डिड यू कम?' असा होतो, 'व्हेन हॅव यू कम?' असा नाही. 'काल फोन केला होता' यातल्या 'होता'मुळे 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' म्हणणारेही पुष्कळ. नुसता फोन केल्याचं सांगायचं असेल तर 'आय कॉल्ड यू यस्टरडे' पुरतं.

गप्पांमध्ये तर दोन्ही काळ एकामागोमाग येतात. 'हॅव यू एव्हर बीन टू जपान?' 'येस, आय हॅव. आय वेंट इन २०१९. इट रेन्ड एव्हरी डे.' विषय परफेक्टने उघडतो, तपशील सुरू झाला की पास्ट. तपशिलाच्या वाक्यांतही 'हॅव' धरून बसलं की संभाषण तिथेच अडतं.

'समोरच्याला कळतं' म्हणता, पण त्याला भलतंच कळतं. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे अजून तिथेच नोकरी आहे. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे ती सोडली. हा फरक अमेरिकन माणूसही असाच ऐकतो.

लांबीबद्दल आणि बाकीच्या शेऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

राहिलं मालिकांमधलं 'हॅव'. ते गायब नसतं, 'आय'व्ह' होऊन आखडलेलं असतं, आणि भरभर बोलण्यात तो 'व्ह' पुसट होतो. म्हणून क्रियापदाच्या रूपाकडे कान द्या. 'सीन', 'गॉन', 'ईटन' ऐकू आलं तर आधी 'हॅव' किंवा 'हॅज' बहुधा आहेच. 'सॉ', 'वेंट', 'एट' असेल तर सिंपल पास्ट. 'वर्क्ड', 'लिव्ह्ड' यांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच, तिथे मात्र त्या पुसट 'व्ह'शिवाय आधार नाही. बोलताना तो गिळलात, तर अजून करत असलेली नोकरी सोडून दिल्यासारखी ऐकू जाईल.