घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: बाझेल आणि बांदा

जर्मनीत बरीच वर्षे काढलेल्या मराठी माणसाला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात नोकरी लागली, की अभिनंदनाच्या पाठोपाठ एक सल्ला हमखास येतो: पगार फ्रँकमध्ये घ्या, घर मात्र जर्मनीतच ठेवा. सल्ला देणारे खोटे बोलत नाहीत. सीमेच्या अलीकडे घरभाडे कमी आहे, दूध, भाजी आणि केस कापण्याचा खर्चही कमी आहे, आणि सीमा ओलांडायला ट्राम आहे. परंतु सीमेपलीकडे नोकरी असताना उपनगर निवडायचे, तर घरभाड्याचा प्रश्न सर्वांत सोपा असतो. आपल्या करावर, आपल्या आजारपणावर आणि आपल्या मुलांच्या शाळेवर हक्क आणि जबाबदारी कोणत्या सरकारची, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर येथे कागदावर लिहिलेले सापडते. मी मूळची सावंतवाडीकडची आहे, आणि आमच्या भागातली हजारो माणसे रोज गोव्यात कामाला जातात. त्यांच्यासाठी असा कागद का नाही, हा विचार मला येथे राहायला आल्यापासून सुटलेला नाही.

आधी येथली जागा समजून घेतली पाहिजे. बाझेल हे स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या तिठ्यावर वसलेले आहे, आणि त्याची कितीतरी उपनगरे परदेशात आहेत. नोव्हार्टिस या औषध कंपनीचे आवार फ्रान्सच्या सीमेला खेटून असल्यामुळे तेथे काम करणाऱ्याला सँ-लुई किंवा ह्युनँग सोयीचे पडते. रोश या दुसऱ्या औषध कंपनीचे मनोरे ऱ्हाइनच्या काठी पूर्वेकडे असल्यामुळे त्या बाजूच्या माणसाने जर्मनीतले ग्रेन्त्साख-वीलेन पाहावे. ज्याला रेल्वेने जायचे आहे त्याच्यासाठी लोराखहून एस ६ ही गाडी आहे. आम्ही जर्मनीतले वाइल आम राइन निवडले, कारण बाझेलची आठ क्रमांकाची ट्राम डिसेंबर २०१४ पासून थेट तेथपर्यंत येते. तीन क्रमांकाची ट्राम २०१७ च्या डिसेंबरात अशीच सँ-लुईच्या स्थानकापर्यंत पोहोचली. एका देशाच्या शहराने दुसऱ्या देशात रूळ टाकावेत आणि त्या कामाला स्विस संघराज्याच्या तिजोरीतूनही हातभार लागावा, याचे आम्हा कोकणातल्या माणसांना अप्रूप वाटते. आमच्याकडे एसटी आणि गोव्याची सरकारी बससेवा कदंबा यांची वेळापत्रके जुळली तरी पुष्कळ झाले.

तरीही पुण्याहून थेट बाझेलला येणाऱ्याने हा सल्ला मनावर घेऊ नये, कारण तो त्याच्यासाठी नाहीच. सीमेपलीकडून रोज येऊन काम करण्याचा 'जी' परवाना युरोपीय संघाच्या नागरिकाला सहज मिळतो. भारतीय पारपत्र असलेल्याला मात्र आधी शेजारच्या देशात कायम वास्तव्याचा परवाना लागतो आणि सीमावर्ती पट्ट्यात किमान सहा महिने राहिलेले असावे लागते. ते नसेल तर घर स्वित्झर्लंडमध्येच शोधावे लागते, म्हणजे शहरात तरी, किंवा रीहेन, बिर्सफेल्डेन, आल्श्विल, मुटेन्झ अशा ठिकाणी. जर्मनीत राहून स्विस पगार मिळवण्याच्या गोष्टी भारतात फार रंगवून सांगितल्या जातात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

ज्यांना निवड करता येते त्यांचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यातील करारानुसार रोज घरी परतणाऱ्या माणसाच्या पगारातून स्वित्झर्लंड जास्तीत जास्त साडेचार टक्के कर कापते, आणि तोही जर्मन कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला दिल्यावर. उरलेला कर जर्मनी आपल्या दराने घेते व हे साडेचार टक्के त्यातून वजा करते. जर्मनीचा दर बाझेलपेक्षा चढा आहे. म्हणजे घरभाड्यात जे वाचले त्यातला मोठा भाग कराच्या रूपाने निघून जातो, आणि नुसते भाडे पाहून भाडेकरारावर सही करणाऱ्याला हे पहिले विवरणपत्र भरतानाच कळते. कामाच्या निमित्ताने वर्षात साठहून अधिक दिवस रात्री घरी परतता आले नाही, तर माणूस सीमाकामगार या व्याख्येतूनच बाहेर पडतो आणि सारे गणित बदलते. सतत दौऱ्यावर असणाऱ्याने म्हणूनच हा विचार दोनदा करावा.

आरोग्यविम्याचे गणित त्याहून वेगळे आहे, आणि माझ्या मते उपनगर निवडताना भाड्याआधी तेच मांडावे. स्विस विम्याचा हप्ता माणशी असतो. पगार कितीही असो, नवरा, बायको आणि प्रत्येक मूल यांचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि मालक त्यात काही घालत नाही. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात हप्ता उत्पन्नावर ठरतो, पण न कमावणारा जोडीदार आणि मुले त्यातच येतात. मात्र मालक स्विस असल्यामुळे एरवी मालक भरतो तो अर्धा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. एकट्या माणसाला बहुधा स्विस विमा परवडतो, एकाच्या पगारावर चालणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला बहुधा जर्मन. ही निवड नोकरी लागल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते आणि एरवी ती बदलता येत नाही. आमच्या ओळखीतल्या कुटुंबांची पहिली भांडणे स्वयंपाकघराच्या रंगावरून झाली नाहीत, याच अर्जावरून झाली.

शनिवारी सकाळची आठ क्रमांकाची ट्राम पाहावी. आठवडाभर वाइलकडून बाझेलला जाणारी गर्दी त्या दिवशी उलटी वाहते. चाकांच्या पिशव्या ओढत स्विस मंडळी जर्मनीत बाजारहाटाला येतात, ऑनलाइन मागवलेली पार्सले जर्मन पत्त्यावर घेऊन तेथूनच उचलतात, आणि परतताना जर्मन मूल्यवर्धित कर परत मिळावा म्हणून हिरव्या पावत्यांवर शिक्का मारून घेण्यासाठी जकात कचेरीच्या खिडकीपुढे रांग लावतात. स्विस सरकारने १ जानेवारी २०२५ पासून करमाफ खरेदीची मर्यादा माणशी तीनशे फ्रँकवरून दीडशेवर आणली, कारण सीमेलगतच्या स्विस दुकानदारांची तक्रार वाढली होती. आमच्याकडे गोव्याच्या सीमेलगतच्या बांद्याचा माणूस पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे जाऊन पेट्रोल भरतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे त्याच्यासाठी मर्यादा, पावती आणि खिडकी आहे.

या सोयीचा पाया किती ठिसूळ आहे हे मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दिसले. ट्रामगाड्या सीमेच्या अलीकडेच परत फिरू लागल्या, रीहेन आणि लोराख यांच्यामध्ये कुंपण उभे राहिले, आणि १५ जूनपर्यंत कामाचा परवाना किंवा तसेच सबळ कारण दाखवल्याखेरीज सहसा कोणाला जाता येत नव्हते. तरीही 'जी' परवान्याच्या माणसांना मोजक्या नाक्यांवरून सोडले जात होते. बाझेलच्या रुग्णालयांतल्या कितीतरी परिचारिका सीमेपलीकडे राहतात. त्यांना अडवून भागले नसते.

त्याच सुमारास गोव्याची सीमा बंद झाली तेव्हा सिंधुदुर्गातल्या कामगारांकडे दाखवायला असा कोणताच कागद नव्हता. त्याची गरजच कधी पडली नव्हती, आणि ही आपल्या संविधानाची मोठी देणगी आहे, हे मी येथे राहून अधिक मनापासून मानते. कुडाळचा मुलगा म्हापशाच्या हॉटेलात कामाला लागतो तेव्हा त्याला कोणाचा परवाना मागावा लागत नाही, आणि उद्या त्याने पेडण्यात खोली घेतली तरी कोणी विचारू शकत नाही. माझ्यासारखीला हे स्वातंत्र्य येथे पारपत्र बदलल्यावर मिळाले. पण परवाना नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे त्या माणसाच्या नावे दोन्ही सरकारे काही देणे लागत नाहीत, ही त्याच स्वातंत्र्याची दुसरी बाजू आहे.

ती बाजू २०१८ मध्ये उघडी पडली. सिंधुदुर्गात कोणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा अपघात झाला, की "बांबोळीला हलवले" असेच म्हणतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे ते रुग्णालय कित्येक पिढ्यांचा आधार आहे. १ जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. गोव्यातले लोक म्हणाले, आमच्या कराच्या पैशावर शेजारच्या राज्याने का विसंबावे. आमचे लोक म्हणाले, तुमची हॉटेले, कारखाने आणि बांधकामे आमच्या पोरांवर चालतात, मग आजारपणातच आम्ही परके कसे. त्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यात तर गोव्यात विलीन करा, अशी मागणी उठली. पुढे सिंधुदुर्गातच ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, परंतु वादाचे मूळ जेथल्या तेथे आहे. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून नोकऱ्यांत पेडण्याच्या स्थानिकांना किती आणि पलीकडच्यांना किती, ही त्याचीच नवी आवृत्ती आहे.

गावी गेले की या वादात मला एकच गोष्ट खटकते. दोन्ही बाजू उपकाराची भाषा बोलतात: आम्ही तुम्हाला दवाखाना दिला, आम्ही तुम्हाला माणसे दिली. हिशेबाची भाषा कोणी बोलत नाही. आणि ती बोलता येत नाही असेही नाही, कारण याच दोन राज्यांनी ती एकदा बोलून दाखवली आहे. तिलारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात आहे; त्याच्या पाण्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा ठरला, आणि प्रकल्पाचा खर्चही त्याच प्रमाणात गोव्याने उचलायचा, असा करार १९९० मध्ये झाला. त्यातून तंटे झाले नाहीत असे नाही. परंतु पाणी मोजले गेले आणि त्याची किंमत ठरली. त्याच तालुक्यातून रोज सकाळी डिचोलीकडे जाणारी माणसे मात्र कोणाच्या वहीत नाहीत.

माणसांचा असा करार कसा असतो, ते जिनिव्हात पाहावे. तेथे फ्रान्समधून एक लाखाहून अधिक माणसे कामाला येतात आणि त्यांचा प्राप्तिकर जिनिव्हाच घेते. पण ही माणसे झोपतात फ्रान्समध्ये, त्यांची मुले शिकतात तेथे आणि कचरा उचलला जातो तोही तेथेच. म्हणून १९७३ च्या करारानुसार त्यांच्या एकूण पगाराच्या साडेतीन टक्के रक्कम जिनिव्हा दरवर्षी पलीकडच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना देते. अलीकडे ही रक्कम तीस कोटी फ्रँकच्या पुढे गेली आहे. बाझेल आणि फ्रान्स यांच्यात मात्र १९८३ पासून नेमके उलटे आहे: कर फ्रान्स घेते आणि पगाराचे साडेचार टक्के बाझेलला देते, कारण रस्ते, ट्राम आणि नोकरी बाझेलची. दोन्हींच्या बाजूने बोलता येते. पैसा कोणत्या दिशेने जावा यावर वाद होऊ शकतो, परंतु तो कोठेतरी गेला पाहिजे, यावर कोणाचे दुमत नाही.

करार झाले म्हणून कुरबुर थांबते, असा दावा मी करणार नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्विस मतदारांनी परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालण्याच्या बाजूने निसटता कौल दिला. इटलीच्या सीमेवरच्या तिचिनो प्रांतात २०१६ मध्ये नोकऱ्यांत स्थानिकांना अग्रक्रम देण्याचा प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने संमत झाला. तेथली भाषा ऐकली तर आपल्याकडच्या भूमिपुत्रांच्या सभेत बसल्यासारखे वाटते. फरक असा, की कौल लागल्यानंतरही दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या गाडीने आलेल्या माणसाचा विमा आणि कर कोठे जमा होतो, यात संदिग्धता नसते.

हे जसेच्या तसे कोकणात आणता येणार नाही. आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा आहे, त्यामुळे गोव्याकडे साडेतीन टक्के काढून द्यायला असा करच नाही. वस्तू व सेवा कराचा राज्याचा हिस्सा खरेदी जेथे होते तेथे जातो, म्हणजे म्हापशात कमावलेला पगार सावंतवाडीच्या बाजारात खर्च झाला की तो महाराष्ट्राच्या तिजोरीत पडतो. पेट्रोल आणि मद्य या कराच्या बाहेर असल्यामुळे त्यावरचा कर बऱ्याचदा गोव्याला मिळतो. नुसत्या एवढ्यावरून पाहिले, तर बांबोळीच्या रुग्णालयासाठी महाराष्ट्राने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, हे मला रास्त वाटते, आणि हे सावंतवाडीच्या माणसाला आवडणार नाही, हेही ठाऊक आहे. त्याच्या बदल्यात तेथे सिंधुदुर्गाच्या रुग्णाला गोमंतकीयाइतकाच हक्क मिळावा आणि कदंबा व एसटी यांचा एकच मासिक पास चालावा, इतके मागायला हरकत नाही.

त्यासाठी आधी माणसे मोजावी लागतील. स्वित्झर्लंड आपल्या चार लाखांच्या आसपासच्या सीमाकामगारांची आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करते, कारण प्रत्येकाकडे परवाना आहे. आपल्याला परवाना आणायचा नाही, आणि आणूही नये. पण महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांची नोंद कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे होते. हे महामंडळ केंद्राचे असल्याने त्याला पत्रादेवीचा नाका आडवा येत नाही, आणि नोंदणीत कामगाराच्या घरचा पत्ता लिहिलेला असतो. वेर्णा, तुये आणि म्हापसा येथल्या आस्थापनांच्या याद्यांमधून सिंधुदुर्गातले पत्ते वेगळे काढले, तर दोन्ही राज्यांच्या सचिवांसमोर ठेवायला पहिला आकडा तयार होईल. हॉटेलांत रोजंदारीवर असलेली आणि बांधकामांवरची माणसे त्यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी बांदा आणि दोडामार्ग येथे सकाळी सहा ते नऊ या वेळेत बसथांब्यांवर आणि दुचाकींच्या रांगेत उभे राहून मोजणी करावी लागेल, आणि ती पावसाळ्यात एकदा व पर्यटनाच्या हंगामात एकदा, अशी दोनदा करावी लागेल.