पॉझिटिव्ह जोडप्याला मूल हवंय? मग तुमचा सल्ला हवाच!

एचआयव्ही असलेल्या एखाद्या जोडप्याला मूल हवंय, असं तुमच्या कानावर आलं, तर आधी चेहऱ्यावर काळजी आणा. धक्का बसल्याचं दाखवू नका. धक्क्यात माणूस मागासलेला दिसतो. काळजीच्या नावाखाली मात्र वाट्टेल ते बोलता येतं.

मग विचारा, "त्या लेकराचा काय दोष?" हा प्रश्न विचारायला माहिती लागत नाही. उलट माहितीने तो बिघडतो. उपचारच न झाल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, एवढं पाठ करा आणि तिथेच थांबा. पुढे वाचलंत की घोटाळा. १९९४ मध्येच गरोदरपणी झिडोव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध देऊन हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणलं गेलं. आता आईची औषधं दिवस राहण्याआधीपासून नीट चालू असली आणि विषाणू दबलेला असला, तर ते एक टक्क्याच्याही खाली जातं. पण एवढं वाचणारा माणूस सल्ला कधी देणार?

नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असेल, तर "तिचाही जीव घेणार का?" हे वाक्य तयार ठेवा. पार्टनर नावाच्या अभ्यासाचा कोणी उल्लेख केलाच, तर ऐकू आलं नाही असं करा. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ८८८ जोडपी, कंडोमविना सुमारे ५८ हजार वेळा संबंध, आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण शून्य. एवढं मोजत बसणाऱ्यांना दुसरे उद्योग नव्हते, असं म्हणून विषय संपवा.

"तुम्हीच किती वर्षं असणार?" हेही विचाराच. वेळेवर उपचार सुरू झालेला माणूस जवळपास इतरांएवढाच जगतो, हे मनात ठेवा. दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा तुमचा भाऊ बाप होणार असेल, तर मात्र हा हिशेब काढायचा नाही. तिथे अभिनंदन.

तुम्ही एकटे नाही, हे लक्षात घ्या. ज्यांना या जोडप्याचा आजार ठाऊक नाही, ते "पाळणा कधी हलणार?" म्हणून पिच्छा पुरवतात, ज्यांना ठाऊक आहे, ते "खबरदार" म्हणतात. पहिल्यांना खरं कारण सांगायची सोय नाही, दुसऱ्यांना मनातली इच्छा. कधी कधी दोन्ही बाजू एकाच घरात जेवायला बसतात. कोणीही माघार घेऊ नये. दत्तक घ्यायला सुचवा, आणि ते खरंच निघाले तर "असल्या घरात दुसऱ्याचं मूल?" असं म्हणा. बाळ झाल्यावर तिने अंगावर पाजलं तर "पाजतेस?" म्हणून दचका, बाटली दिली तर चारचौघांत "का गं, पाजत नाहीस?" असं विचारा.

तुम्ही डॉक्टर असाल, तर काम आणखी सोपं. कळा सुरू असताना नसबंदीचा कागद पुढे करा. त्या घटकेला बाई कशावरही सही करते. नामिबियात असंच झालं. अशी सही म्हणजे समजून-उमजून दिलेली संमती नव्हे, असं २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. न्यायालयांना हेतू कळत नाहीत, दुसरं काय.

एवढं करूनही बाळ झालंच, तर पहिल्या रॅपिड टेस्टवर डोळा ठेवा. ती विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधते, आणि आईच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. तेव्हा बाळाला लागण नसतानाही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. "म्हटलं नव्हतं?" म्हणायला एवढी संधी पुष्कळ. थेट विषाणूच शोधणाऱ्या पीसीआर तपासणीची वगैरे वाट पाहिलीत, तर तुम्ही नातेवाईक कसले?

आणि शेवटच्या तपासणीत मूल निगेटिव्ह निघालं, तर म्हणा, "नशीब बलवत्तर!" रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणाऱ्या त्याच्या आईसमोरच म्हणा.