म्हातारी कुठे गेली?

फोटोत जी बाई कंबरेतून काटकोनात वाकून एका भल्यामोठ्या बुटात शिरतेय, ती मीच. पाठमोरी आहे म्हणूनच टाकलाय. 'लेकीकडे जाऊन पाच महिने झाले आणि एक फोटो नाही' असा आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपवर ओरडा चालला होता, तर हा घ्या. पण आज फोटोखाली बरंच लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

हा बूट ओकलंडला आहे, सॅन फ्रान्सिस्कोहून खाडीपलीकडे, लेक मेरिट तलावाच्या काठी. बागेचं नाव चिल्ड्रन्स फेअरीलँड. १९५० साली सुरू झाली, म्हणजे डिस्नेलँडच्याही पाच वर्षं आधी. वॉल्ट डिस्नी स्वतः ती बघून गेले होते आणि इथल्या पहिल्या संचालिका डोरोथी मेन्स यांना त्यांनी पुढे आपल्या डिस्नेलँडमध्ये नेलं. जावयाने हे सांगितल्यावर मी म्हटलं, म्हणजे मोठ्या हॉटेलवाल्याने खानावळीतली सुगरण पळवली म्हणायची!

या बागेचा एक नियम मला फार आवडला. बरोबर मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. तिकीट काढायची तयारी असली तरी नाही. आत जायचं ते या बुटातून, आणि त्याचं दार मुलांच्या उंचीचं. आमचा चार वर्षांचा इशान ताठ मानेने आत गेला आणि मी माझे दोन्ही गुडघे सांभाळत, देवाचं नाव घेत. दारातच अडकले असताना तो वळून म्हणाला, "आजी, ओल्ड लेडी कुठेय?"

आणि मला एकदम पेण आठवलं.

चौथीत असताना आमची सहल पेणहून मुंबईला गेली होती. राणीचा बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि मग मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. तुमच्यापैकी निम्म्याजणींनी तरी त्या बुटाच्या खिडकीतून हात हलवलेला असेल. तो १९५२ चा, म्हणजे ओकलंडच्या बुटाच्या पाठोपाठचाच. दोन्ही बूट एकाच इंग्रजी बडबडगीतातून आलेत: म्हातारी बुटात राहायची, तिला इतकी मुलं की काय करावं ते सुचेना. (पुढे ती त्यांना भाकरीशिवाय नुसतं पातळ कालवण देते आणि फटके मारून झोपवते. बालगीत म्हणे!) पण पेणच्या आमच्या शाळेत हे गीत कोणाला ठाऊक? आम्ही नुसत्या जिना चढलो, वरून खाली बघितलं, उतरलो. मी बाईंना विचारलं, "बाई, म्हातारी कुठे गेली?" बाई म्हणाल्या, "रांग मोडू नका, चला पुढे."

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, एकतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली. माझ्या वर्गाला घेऊन त्या बुटापाशी चार-पाच वेळा तरी गेले असेन. दर वेळी एक तरी मूल तेच विचारायचं आणि मी काय म्हणत होते सांगू? "रांग मोडू नका, चला पुढे."

तर ओकलंडच्या बुटात वाकलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हातारी लेकीकडे गेलीय."

इशानला ते लगेच पटलं. "तुझ्यासारखी?"

"हो. तूपरोटी खायला." (खोटं नाही, पाच महिन्यांत चार किलो वाढलेत.)

आता किल्लीकडे येते, कारण मूळ सांगायचंय ते तिच्याबद्दल. या बागेत प्लॅस्टिकची एक किल्ली विकत मिळते, 'मॅजिक की'. ठिकठिकाणी गोष्टींचे देखावे आहेत, तोंड वासून बसलेला देवमासा काय, ॲलिसचा बोगदा काय. देखाव्यांपाशी पेट्या आहेत. पेटीच्या भोकात किल्ली घालून फिरवली की पेटी गोष्ट सांगायला लागते. बस, एवढंच. ब्रूस सेडली नावाच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमवाल्याने पन्नासच्या दशकाच्या शेवटी ही युक्ती काढली. आजही लोक आपली लहानपणीची किल्ली घेऊन नातवंडांबरोबर येतात आणि ती चालते. आमच्या पुढेच माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या किल्लीचा रंग पार उडाला होता. नातीला ती हातात द्यायला मात्र तयार नव्हते.

पहिल्या पेटीपाशी मी सवयीने किल्ली इशानच्या हातातून घेऊन फिरवायला गेले. त्याने असं काही बघितलं माझ्याकडे की मी हात मागे घेतला. त्याला भोक सापडेना, किल्ली उलटी लागली, मागे दोन मुलं थांबलेली. मी घामाघूम. त्या मुलांच्या आया मात्र निवांत. शेवटी किल्ली फिरली, आवाज आला आणि इशान दोन पावलं मागे सरकून पेटीकडे बघत राहिला, जणू स्वतःच ती बोलायला शिकवली. गोष्ट संपली. त्याने पुन्हा फिरवली. मग पुन्हा. मागच्यांना जागा दिली आणि त्यांची झाल्यावर परत रांगेत. एकच गोष्ट सहा वेळा. डोंगरावरून घसरायला घसरगुंड्या होत्या, छोटी गाडी होती, पण त्याने कशाला भाव दिला नाही.

लेक म्हणाली, "आई, ती नुसती रेकॉर्ड आहे गं. यात इंटरॅक्टिव्ह काय? खरी मजा ऑर्लॅन्डोला होती."

खरंय, ऑर्लॅन्डोला आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, जावयाच्या कॉन्फरन्सच्या निमित्ताने. डिस्नीच्या मॅजिक किंगडममध्ये 'एन्चान्टेड टेल्स विथ बेल' म्हणून प्रकार आहे (बेल म्हणजे 'ब्यूटी अँड द बीस्ट' या गोष्टीतली नायिका), २०१२ च्या डिसेंबरात नव्या फॅन्टसीलँडबरोबर सुरू झालेला. मी तिथे तोंडात बोट घातलं हे कबूल करते. आधी बेलच्या वडिलांचं, मॉरिसचं घर. भिंतीवर बेल लहानपणापासून कशी उंच होत गेली त्याच्या खुणा, आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने करतो तशा. मग त्यांची कार्यशाळा, तिथे भिंतीवर एक आरसा. दिवे मंदावतात आणि तो आरसा बघता बघता वाढत वाढत दार होतो. तुमच्या डोळ्यांदेखत! मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं. दारातून आत गेलं की एक बोलणारं कपाट. तिथे मुलांना भूमिका वाटतात: कोणी घोडा, कोणी किटली, कोणी कप, कोणी शाप लागलेला राजपुत्र. मग ग्रंथालय. शेकोटीवर बोलणारी मेणबत्ती, खरी बेल येते आणि ही सगळी चिल्लीपिल्ली मिळून तिला तिचीच गोष्ट करून दाखवतात.

मुलांसाठी गोष्ट सांगायचा याहून श्रीमंत मार्ग मी बघितलेला नाही. आणि माणसांवर केलेला खर्च बघा. पाळण्यासारख्या राईडमध्ये तासाला शेकडो माणसं फिरवता येतात, इथे एका वेळी एका वर्गाएवढीच माणसं आणि त्यांच्यासाठी बेलपासून मदतनिसांपर्यंत एवढी जणं. धंद्याच्या हिशेबात असली गोष्ट टिकवून धरणं सोपं नाही, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

पण भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा आठ-दहा हात सटासट वर गेले आणि आमचा इशान माझ्या ओढणीत शिरला. तिथली मुलगी किती गोड! गुडघ्यांवर बसून, हळू आवाजात, त्याच्या हातात वस्तू देऊ केली. हा मान हलवतोय, नाही म्हणून. कोणी जबरदस्ती केली नाही. गोष्ट छान झाली, मुलं मिरवली, आईबापांनी फोन उंच धरून सगळं टिपलं. आणि रात्री हॉटेलवर, दात घासताना, तोंडात फेस असताना इशान म्हणाला, "आजी, मला घोडा व्हायचं होतं."

यात चूक कोणाचीच नाही. पण माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला आमचं गॅदरिंग आठवलं. एकतीस वर्षांत मी किती नाटुकली बसवली असतील. दर वर्षी शिवाजी, राजकन्या, ससा, कासव व्हायला तीच चार मुलं, धीट, ज्यांचे हात सटासट वर जातात ती. बाकीची झाडं. 'तू झाड हो, झाडाला पण काम असतं बाळा' असं मी कितीजणांना म्हणाले असेन. एक मुलगा तर तीन वर्षं ओळीने झाड झाला. मला त्याच्या हातातल्या फांद्या आठवतात, अशोकाच्या. त्याचा आवाज कसा होता ते आठवत नाही.

त्याच ऑर्लॅन्डोच्या फेरीत डिस्नीच्याच एप्कॉट नावाच्या बागेत 'टर्टल टॉक विथ क्रश'ही बघितलं. पडद्यावरचं कासव मुलांशी खरोखर बोलतं, मागे दडलेला कलाकार त्या क्षणी त्याच्या तोंडून बोलत, त्याला हलवत असतो. २००४ पासून चालू आहे. कठपुतळीचंच नवं रूप. भन्नाट आहे, पण तिथेही कासवाची नजर ज्याच्यावर पडेल त्यालाच बोलायला मिळतं.

फेअरीलँडच्या किल्लीने हा तिढा सोडवलाय, आणि तोही एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने. तिथे मुलाला कोणी निवडत नाही. मूल गोष्टीला निवडतं. चालू कधी करायची, किती वेळा ऐकायची, अर्ध्यातून निघून जायचं का, सगळं त्याच्या हातात. लाजरं मूल असलं तरी पेटीपुढे लाजायचं काय कारण? म्हणून मला लेकीचं 'यात इंटरॅक्टिव्ह काय' पटत नाही. मुलाला टाळ्या मिळाल्या म्हणजे मूल गोष्टीत शिरलं असं नाही.

आपल्याकडे हे कळत नव्हतं असंही नाही. माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागायचा. अंधारात, गोधडीत, दर वाक्याला "हूं". हूं थांबला की गोष्ट थांबली. आम्ही सात भावंडं, कोणा एकाचा हूं आला तरी चालायचं, आणि सगळ्यात बारीक आवाजाच्या धाकट्याचा हूं आजीला बरोबर ऐकू जायचा. मग मी बाई झाले आणि हाताची घडी, तोंडावर बोट लावून गोष्टी सांगायला लागले. कुठून आलं ते माझ्यात कोण जाणे.

सध्या रात्री आमच्याकडे काय चालतं ते सांगते. इशान ती किल्ली माझ्या हनुवटीखाली लावून फिरवतो आणि मी बोलायला लागते. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' हीच गोष्ट, दुसरी चालत नाही. म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत वाघ, 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा'. मी एखादा शब्द इकडचा तिकडे केला की किल्ली उलटी फिरते. म्हणजे मी थांबायचं, मागे जायचं आणि नीट सांगायचं. त्याचं मराठी तोडकंमोडकं, पण 'जाडजूड'च्या जागी 'लठ्ठ' म्हटलेलं त्याला बरोबर कळतं. परवा मला डुलकी लागली तर खटखट तीनदा किल्ली. 'आजी, बॅटरी?'

मी पुढच्या महिन्यात परत येतेय. एखादा रविवार धरून कमला नेहरू पार्कात जायचं ठरवलंय. कार्यक्रम नाही, माईक नाही, फोटोग्राफर तर अजिबात नाही. बुटाजवळ सावली बघून बसायचं आणि जे मूल येईल त्याला म्हातारी कुठे गेली ते सांगायचं. वॉचमनने हटकलं तर त्यालाही सांगेन. डोंबिवलीहून ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरू, तिथून टॅक्सी, सकाळी लवकर निघू. नातवंड नसेल तर शेजारचं आणा, मुलाशिवाय येऊ नका.

इशानकडे किल्ली मागितली होती त्यासाठी. नाही दिली. "ती इथली आहे, तू तुझी कर," म्हणाला. म्हणून मग रोज दुपारी पुठ्ठ्याच्या किल्ल्या कापत बसते. आत्तापर्यंत चौदा झाल्यात. इथले धान्याच्या खोक्यांचे पुठ्ठे फार पातळ, लगेच वाकतात. तुमच्याकडे लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे पडले असतील तर रद्दीत घालू नका, मला ठेवा.