पेजर वाजला की पगार कापला जात नाही

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या गावच्या अग्निशमन दलाचा सराव असतो. दक्षिण जर्मनीतलं छोटं गाव, दलात एकही पगारी माणूस नाही. एक सुतार, एक शिक्षिका, बँकेतला कारकून, दोन शेतकरी आणि चार वर्षांपासून मी, मूळचा पनवेलचा. प्रत्येकाच्या खुंटीखाली त्याचे बूट, आणि बुटांवर विजार आधीच चढवून ठेवलेली. पाय घातला की दोन्ही एकदम अंगावर.

जर्मनीत मोठी शहरं सोडली तर आग विझवायला असेच लोक येतात, देशभरात सुमारे 10 लाख. गाडी, होज, हेल्मेट हे सगळं नगरपालिकेचं. कामाच्या वेळेत आगीची वर्दी देणारा पेजर वाजला तर मालकाला सोडावंच लागतं आणि त्या तासांचा पगारही द्यावा लागतो. ती रक्कम तो नगरपालिकेकडून मागून घेऊ शकतो. सरावात किंवा कामगिरीवर इजा झाली तर सरकारी अपघात विमा असतो.

हे लिहावंसं वाटलं ते आपल्याकडच्या दरवर्षीच्या वादामुळे. पावसाळ्यात सह्याद्रीत कुणी दरीत पडतं, गिर्यारोहक पोरं दोर घेऊन उतरतात आणि मग दोन बाजू पडतात. एक म्हणते, हे सरकारचं काम, या पोरांनी ते का करायचं? दुसरी म्हणते, ही देवमाणसं, सेवेत पैशाची भाषा नको.

मला दोन्ही पटत नाहीत. 28 जुलै 2018ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, 30 जण गेले. त्या दरीत महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर उतरले, कारण तिथली वाट आणि तिथला कडा त्यांना ठाऊक होता. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ताच नाही, यंत्रं वर चढेनात. एनडीआरएफची तुकडी कितीही तयारीची असली तरी पहिले काही तास जवळच्या माणसांचेच असतात. म्हणजे ही पोरं लागणारच आहेत. मग त्यांना देवमाणूस म्हणून हात जोडायचे आणि दोर मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून आणायचा, याला काय अर्थ आहे?

खोपोलीकडचा माझा एक मित्र असाच दोर घेऊन उतरणारा, कारखान्यात कामाला आहे. दोन दिवस एक मृतदेह शोधण्यात गेले, तर त्याचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. तक्रार त्यानं केली नाही, मीच खोदून विचारलं म्हणून कळलं. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि ठरावीक काळाचा विमा मिळतो, हे चांगलंच झालं. पण बुडालेल्या रोजाचं काय, हा प्रश्न या योजनेनं सुटत नाही. त्यासाठी कायदाच हवा, आणि तो करायला राज्याला फार मोठा खर्च येईल असं मला वाटत नाही.

हक्क मागितले की सेवेचं मोल कमी होतं, ही भीती मला इथं राहून तरी खोटी वाटते. माझंच सांगतो. इथं शेजाऱ्याशीही वर्षानुवर्षं अहो-जाहो चालतं. दलात पहिल्याच मंगळवारी सगळे अरे-तुरेवर आले. त्या क्षणाचं महत्त्व मला नंतर उमगलं. एकदा रात्रभराच्या पावसानं तळघरं भरली होती. पहाटेपर्यंत आम्ही पंप लावून पाणी काढलं, चिखल उपसला. दुसऱ्या दिवशी बेकरीत एका आजींनी मला नावानं हाक मारली, तोडक्यामोडक्या उच्चारात. तोवर सहा वर्षं मी या गावात ‘तो भारतीय’ होतो. पगारानं, घरानं, भाषेच्या परीक्षेनं जे झालं नव्हतं, ते त्या चिखलानं झालं.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडं नावानं हाक मारणारे आहेत रे. या पावसाळ्याआधी दोर तेवढा बदलायचाय.”