खड्डे खणायला जंगल कशाला तोडता?

आज सकाळी चिपळूणजवळच्या एका डोंगरउतारावर वृक्षारोपणाचा सोहळा झाला आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. खड्ड्यांना जागा हवी म्हणून आदल्या दिवशी मजूर लावून तिथली ‘झुडपे’ साफ करण्यात आली होती. ती झुडपे म्हणजे ऐन-किंजळ या रानझाडांच्या जुन्या खुंटांना आलेले पुरुषभर उंचीचे फुटवे होते. कापलेल्या टोकांतून अजून रस पाझरत होता आणि शेजारी ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे प्लास्टिकच्या पिशवीसकट मातीत खोचली जात होती. फलक मात्र सुरेख होता.

माझ्या काकांनी त्यांच्या वाट्याच्या डोंगरात एकही रोप लावलेले नाही. आधीच्या पिढीने कोळशासाठी त्या डोंगराची हजामत केली होती. काकांनी फक्त कुऱ्हाड बंद केली आणि दरवर्षी गवत वाळू लागले की हद्दीभोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढली, त्यामुळे शेजारचा वणवा आत शिरला नाही. मुळे जिवंत होती, बाकीचे काम त्यांनी केले. आज तिथल्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्षी येतात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडाले, तेव्हाचा पाऊस अचाट होता आणि दाट जंगल असते तरी पूर आलाच असता, हे मान्य. पण वाशिष्ठी नदीतला गाळ काढावा म्हणून ज्या गावाने साखळी उपोषण केले, त्याच गावाने भर पावसाळ्यात उतारावरची माती उघडी करावी, याला काय म्हणावे?

आपले इथले, कोकणातले बहुतेक डोंगर खासगी मालकीचे आहेत. सातबाऱ्यावर ढीगभर नावे आणि त्यातली निम्मी मुंबईत. ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा उक्ता सौदा करतो आणि ट्रक घाटावर जातात. घरात दुखणे असेल तर माणूस झाडे विकणारच, त्याला मी दोष देत नाही. काकांनाही असे सौदे सांगून आले होते. काकूने नोकरी करून घर चालवले म्हणून त्यांना नाही म्हणता आले. जंगल राखणाऱ्याच्या हाती चार पैसे पडल्याशिवाय इतरांनी तसे करावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने धरायची?

आयोजकांपैकी बरेच जण माझे मित्र आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे आणि उन्हातान्हात राबण्याची त्यांची तयारीही असते. म्हणून विनंती करतो की मंडप, फलक आणि रोपांचा खर्च यंदा बाजूला ठेवा आणि जानेवारीत वाडीतल्या माणसांना जाळरेषेची मजुरी द्या. पुढच्या रविवारी पलीकडच्या उतारावर असाच कार्यक्रम आहे म्हणे. तिथे कोयता चालवण्याआधी मला फोन करा, मी काकांना घेऊन येतो. कोणता खुंट जिवंत आहे ते त्यांना बघताक्षणी कळते.