मेथी-गुळानं वांझ मेंढी व्याली? थांबा जरा
धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडं मोबाईलवर फिरतंय की वांझ मेंढीला आठ दिवस मेथी-गूळ चारला आन् ती महिन्यात व्याली. अहो, मेंढीचे गाभणपणाचे दिवसच साधारण 150, महिन्यात व्याली म्हणजे ती तेव्हाच चार महिन्यांची गाभण होती, मेथीचं काय त्यात! पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, वरून लोकर, पोट दिसतच नाही अन् आपण वांझ म्हणून मोकळे. मेंढा कळपातच असतो, माज, म्हणजे मेंढी फळायची वेळ, दर 16-17 दिवसांनी येतो, एखादी उशिरा फळते. आमची एक तर खाटकाला द्यायची ठरलेली, सकाळी बघतो तर कास उतरलेली, म्हणजे व्यायला आलेली. विकायच्या आधी डॉक्टरकडून सोनोग्राफी करून घ्या, दोन महिन्यांची गाभण असली तर कळतं.