खेळायला कुणी घेत नाही, तर दुरुस्ती कुणाची?

भाचीच्या मुलाला वर्गात कुणी खेळायला घेत नाही. एवढ्यावरून घरी फोनाफोनी होऊन तट पडलेत. एक म्हणतो, पोरांचं पोरं बघून घेतील, मोठ्यांनी मध्ये पडू नये. दुसरा म्हणतो, त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला घाला. तिसऱ्याचा सल्ला, शाळाच बदला. मी फिनलंडमध्ये राहते, त्यामुळे शेवटी ‘तुमच्याकडे काय करतात गं?’ हा प्रश्न येतोच. मला या तिघांचंही पटत नाही, आणि फिनलंडचंही पुरतं नाही.

शिबिरवाल्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. इथल्या एका शाळेच्या आवारात पाहिलेलं सांगते. पाच-सहा मुलं भिंतीवर चेंडू मारत होती, झेल सुटला की बाद. एक मुलगा आला तोच ‘असं नसतं, रेषेमागून मारायचं’ म्हणत. कुणी लक्ष देईना, तेव्हा त्याने चेंडूच पळवला. मग आरडाओरडा, ढकलाढकली. नंतर एक मुलगी आली. कडेला उभी राहून बघत राहिली, लांब गेलेला चेंडू आणून दिला, आणि पुढच्या फेरीत ती रांगेत उभी होती. तिला ‘ये’ असं कुणी म्हटलंही नव्हतं. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली नेमकं हेच टिपलं होतं: वर्गाला नावडती मुलं चालू खेळात शिरताना स्वतःबद्दल बोलतात, वाद घालतात, खेळ आपल्याकडे ओढू बघतात. अर्थात सगळी नावडती मुलं अशी दांडगट नसतात. काही नुसतीच गप्प, घाबरी असतात आणि तरीही बाहेर राहतात.

शाळा बदलण्याचं म्हणाल तर कोई आणि कुपरश्मिट या संशोधकांचा १९८३ चा प्रयोग आहे. त्यांनी एकमेकांना न ओळखणारी मुलं छोट्या गटांत खेळायला आणली. तिसऱ्या भेटीपर्यंत ज्याची त्याची शाळेतली पत नव्या गटातही उभी राहिली.

म्हणजे दोष पोराचाच? इथेच घरच्यांची गाडी चुकते. शेली हायमेल यांनी १९८६ मध्ये दाखवलं की एकच आगळीक आवडत्या मुलाने केली तर मुलं म्हणतात ‘चुकून झालं’, आणि नावडत्याने केली तर ‘तो आहेच तसा’. एकदा शिक्का बसला की पोरगं सुधारलं तरी वर्गाला ते दिसत नाही. बियरमन आणि फर्मन यांनी १९८४ मध्ये काही नावडत्या मुलांना एकेकटं घेऊन इतरांशी बोलायचं कसं ते शिकवलं, तर काहींना वर्गमित्रांसोबत एका सामायिक कामाला लावलं. शिकवण्याने बोलणं सुधारलं, पण वर्गाने जवळ केलं ते बरोबर काम केल्यावर. शिबिरातून पोरगं शिकून येईल हो, पण वर्ग शिबिराला गेलेला नसतो.

आता फिनलंड. तुर्कू विद्यापीठात क्रिस्तीना साल्मिवाल्ली यांच्या नेतृत्वाखाली ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम तयार झाला आणि २००९ मध्ये तो देशभर नेला. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा भर बघ्यांवर आहे. दादागिरी करणारा एकटा नसतो. खिदळणारे असतात, मान वळवणारे असतात, आणि त्यांनी बाजू बदलली की त्याची मजा संपते. ‘पोरांचं पोरं बघून घेतील’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण मोकळं सोडलेल्या वर्गात बघून घेणारे बहुधा हेच बघे असतात.

पण कार्यक्रम छळाला हात घालतो. कुणी मारलं नाही, चिडवलं नाही, फक्त शेजारी बसलं नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? इथेही असं सभ्यपणे बाजूला ठेवलेलं एखादं पोर असतं. नियम पाळले जातात, आणि ते एकटंच राहतं. आपल्याकडचे लोक परदेशी शाळांचं फार कौतुक करतात, तेव्हा हे सांगायला हवं.

भाचीला मी सांगितलंय, शिबिराची फी भरण्याआधी बाईंना भेट आणि वर्गात गट कोण पाडतं ते विचार. ‘आपापले जोडीदार निवडा’ असं म्हटलं जात असेल, तर रोज सगळ्यांदेखत मतदान होतं आणि तो रोज हरतो. जोड्या बाईंनीच लावाव्यात, त्याच्याबरोबर एखादं समजूतदार मूल द्यावं, आणि दोघांशिवाय पुरं होणार नाही असं काम द्यावं. खेळात शिरायचं कसं, ते घरी शिकवायला भाची आहेच.